पंचामृतातली चावी

मी चावी फिरवली. गाडी चालू झाली, दोन सेकंद थरथरली आणि बंद पडली.

"पुन्हा मारा," मागच्या सीटवरून उज्ज्वला म्हणाली.

पुन्हा मारली. पुन्हा तेच. समोर, वेगाच्या काट्याखाली, चावीचं एक बारीक तांबडं चित्र उघडझाप करत होतं. ते चित्र मी गेल्या तीन वर्षांत कधी पाहिलं नव्हतं.

उज्ज्वलाच्या मांडीवर आमची चैत्राली होती. सात वर्षांची. दसऱ्याचा दिवस म्हणून लवकर उठली आणि आंघोळीचं पाणी तापवायला लाकूड आणते म्हणून परसात गेली. लाकडांच्या ढिगात हात घातला आणि किंचाळली. मी धावलो तेव्हा विंचू अजून तिथेच होता. काळा नव्हे, तांबडा. आमच्या पठारावर काळ्याला कोणी भीत नाही. तांबड्याचं नाव काढलं की जाणती माणसंही आवाज खाली आणतात. मी शाळेत मुलांना विंचवाचं चित्र काढून दाखवत असे, त्यामुळे पुढे काय होतं ते मला पाठ होतं. आधी घाम, मग उलट्या, मग हातपाय गार, आणि मग छातीत पाणी.

घाम सुरू झाला होता. तिचा फ्रॉक पाण्यातून काढल्यासारखा ओला होता.

"बाबा, गाडी का रडते?" ती म्हणाली.

मी चावी तिसऱ्यांदा फिरवली. खरं सांगायचं तर माझी पाचावर धारण बसली होती.

उंबरपठार ते पाटण सव्वीस किलोमीटर, त्यातला अर्धा घाट. सातची एस.टी. गेलेली, पुढची दुपारी एकला. आणि दसरा म्हणजे आमच्या गावात झेंडूचा दिवस. भाड्याने माणसं नेणारी वडापची जीप, तिन्ही मोटारसायकली, धडधाकट बाप्ये, सगळे पहाटेच फुलांची पोती घेऊन पाटणच्या बाजारात उतरलेले. गावात उरल्या बायका, म्हातारे आणि माझी ही जुनी लाल गाडी. एरवी अडल्यानडल्या प्रत्येकाला खाली नेणारी गाडी. बाळंतिणी नेल्या, पाय मोडलेले नेले, एकदा तर कोणाची गाय अडली म्हणून डॉक्टरला वर आणलं. आज माझी पोर होती.

गाडीभोवती माणसं जमली. येसूतात्या काठी टेकत पुढे आले.

"गुरुजी, गाडी ऱ्हाऊ द्या. मी उतरवतो. माज्या बानं शंभर इच्चू उतरवल्यात."

"तात्या, हा उतरवण्यातला नाही."

"आवो, पर तवर..."

"तवर काही नाही!" मी ओरडलो.

आई गाडीच्या खिडकीशी उभी होती. तिच्या हातात गुळाचं पाणी होतं. "दिगू," ती हळूच म्हणाली, "थोडं थांबून मार. दमली असंल गाडी."

आणि माझा तोल गेला.

त्याला कारण आदल्या दिवशीचं होतं. आदला दिवस खंडेनवमीचा. आई दरवर्षी अंगणात पाट मांडून घरातली सगळी हत्यारं पुजायची. कोयता, खुरपं, विळी, अडकित्ता, माझा करवतीचा सेट. त्यांच्यावर पंचामृत, मग पाणी, मग कुंकू. त्या वर्षी मी शाळेतून आलो तर ताम्हणात, दूध-दही-मधाच्या त्या डोहात, माझ्या गाडीची चावी बुडालेली.

"आई! अगं त्यात यंत्र असतं!"

"यंत्र हाय म्हनूनच पुजली," आई म्हणाली. "गाडी समद्या गावाचं काम करती. कोयत्याला मान आन् तिला न्हाई व्हय?"

मी लगेच चावी बाहेर काढली, पुसली, बटण दाबलं. गाडी ढिम्म. दारं उघडणारा तिचा रिमोट मेला होता. मला राग आला, पण खरं तर थोडा आनंदही झाला. चावीचं कव्हर जुनं झालं होतं, चिरलं होतं, मी त्याला रबरबँड लावून चालवत होतो. कराडच्या दस्तगीरभाई चावीवाल्याकडून नवं कव्हर आणून चार महिने झाले होते. ते तेव्हाच म्हणाले होते, "गुरुजी, बसवायला मात्र हितंच आना. न्हाईतर निदान उघडायच्या आदी मला फोन मारा." मी हसून म्हणालो होतो, "दस्तगीरभाई, मी विज्ञान शिकवतो."

तर त्या संध्याकाळी मी ओट्यावर वर्तमानपत्र पसरून बसलो. जुनं कव्हर उघडलं, आतली हिरवी पट्टी काढली, स्पिरिटने स्वच्छ केली, पंख्याखाली वाळवली, नवा सेल घातला, चावीचं पातं काढून नव्या कव्हरात बसवलं. सगळं झकास. बटण दाबलं आणि गाडीचे दिवे लुकलुकले, दारं खटकन उघडली. चैत्रालीने टाळ्या वाजवल्या. मी चारपाच वेळा उघडून-बंद करून दाखवली. जुनं कव्हर रद्दी कागदांबरोबर पाणचुलीशेजारच्या टोपलीत टाकलं आणि आईला म्हणालो, "बघ. तुझ्या पंचामृताला उतारा सापडला." आई हसली. इंजिन चालू करून पाहायचं मला सुचलंही नाही. सुचायचं कशाला? रिमोट चालला म्हणजे चावी चालली, असा माझा सरळ हिशेब.

म्हणून सकाळी गाडी बंद पडली तेव्हा माझ्या डोक्यात एकच आलं. ओल. पट्टीत कुठेतरी ओल राहिली, दुधाचा चिकटा राहिला. आणि आई खिडकीशी उभी राहून मला थांबायला सांगत होती.

"तू बोलू नकोस!" मी म्हणालो. सगळ्यांच्या देखत म्हणालो. "तुझ्या त्या पंचामृताने केलंय हे. चावी बुडवलीस दुधात! पोरीला काही झालं ना, तर तुझ्या हाताने झालं समज."

आईने गुळाच्या पाण्याचा तांब्या खिडकीतून मागे घेतला. ती दोन पावलं मागे सरली आणि शेजारच्या हौसाकाकूंच्या मागे जाऊन उभी राहिली.

तेवढ्यात चैत्राली ओकली.

"अहो, हात बघा हिचे," उज्ज्वला म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता, आणि त्यानेच मी जास्त घाबरलो. मी मागे हात घालून पोरीची बोटं धरली. ऑक्टोबरचं ऊन तापलं होतं आणि बोटं गार होती.

गावात मोबाईलला रेंज यायची ती फक्त पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर. मी पळालो. पहिला फोन जीपवाल्या बजाला. तो म्हणाला, लगेच निघतो, पण वर यायलाच तास लागेल. तास वर यायला, तास खाली जायला. मी टाकीच्या पायरीवर उभा राहून दोन तासांचा विचार केला. मी खाली बसलो. मग दस्तगीरभाईंचा नंबर लावला. दसऱ्यादिवशी दुकान उघडं असेल का, उचलतील का, असं मनात चाललं असतानाच त्यांनी उचलला.

"बोला गुरुजी, दसऱ्याच्या शुभेच्छा..."

मी सगळं एका दमात सांगितलं. विंचू, घाट, तांबडं चित्र, पंचामृत, ओल.

"थांबा, थांबा," ते म्हणाले. "रिमोट चालतोय?"

"चालतोय."

"मंग ओल न्हाई. कव्हर बदललंसा का तुमी?"

"हो. काल."

मग दस्तगीरभाईंनी फार सावकाश विचारलं, "जुन्या कव्हरातली चिप काढून नव्यात घातली का?"

"कसली चिप?"

"काळा तुकडा असतो बघा. अर्ध्या चिंचोक्यायवढा. कव्हरच्या कोपऱ्यात खोचलेला. त्यो पट्टीवर नसतो, येगळा असतो. गाडी त्याला वळखती. त्यो नसला की गाडी म्हनती ही चोराची चावी, आन् बंद पडती. गुरुजी, जुनं कव्हर कुटं हाय?"

मी घराच्या दिशेने पाहिलं.

"गुरुजी?"

"टाकलं."

"कुटं टाकलं ते बघा. पळा. सापडलं की चिप नुसती चावीला लावून धरा, गाडी चालू व्हती. पळा आता!"

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी वीस वर्षं मुलांना शिकवली होती. टाकीवरून घरापर्यंत धावताना ती माझ्याच पायात येत होती. कारण जुनं कव्हर मी पाणचुलीच्या टोपलीत टाकलं होतं. आणि आज पहाटे, सगळ्यांच्या आधी उठून, दसऱ्याची आंघोळ म्हणून, त्या टोपलीतली रद्दी चुलीत घालून जाळ मीच केला होता.

परसात पोचलो. पाणचुलीत राख होती, वर अजून धग होती. मी दोन्ही हातांनी राख बाहेर ओढली. हात भाजले ते नंतर कळलं. कागदाची काळी पानं, खिळे, अर्धवट जळलेली ढलपी. एक वितळलेला काळा गोळा हाताला लागला. मी तो दगडावर घासला, फोडला. चैत्रालीच्या जुन्या पेनाचं टोपण होतं. मी पुन्हा राखेत हात घातला. घरापुढून बायकांचा गलका ऐकू येत होता आणि त्यातून उज्ज्वलाचा आवाज, "चैत्रा, डोळे उघड. चैत्रा, माझ्याकडे बघ." मी राख चिवडत होतो आणि मोठ्याने बोलत होतो. काय बोलत होतो ते आठवत नाही. देवाला बोलत असेन. मी, ज्याने वर्गात देवाचा फोटो लावायला विरोध केला होता, तो.

"काय हुडकतोयस?"

आई परसाच्या दारात उभी होती. आत येत नव्हती.

"कव्हर," मी म्हणालो. "चावीचं जुनं कव्हर. यात टाकलं होतं. जळलं, आई, जळलं ते."

"त्यात न्हाई ते."

मी वर पाहिलं.

"कुंकू लागल्यालं व्हतं त्याला," आई म्हणाली. चूक कबूल केल्यासारखी म्हणाली. "पुजल्याली वस्तू चुलीत घालत्यात व्हय रं? मी रातीच काढून निर्माल्यात ठिवलं. दसरा झाल्यावर वढ्याला सोडनार व्हते."

देव्हाऱ्याखालच्या परडीत, वाळक्या फुलांत, ते होतं. रबरबँडसकट. माझ्या हातातून ते दोनदा निसटलं. आईने अडकित्ता पुढे केला. मी त्याने कव्हर चिरलं आणि आत, कोपऱ्यात, अर्ध्या चिंचोक्याएवढा काळा तुकडा होता. इतका क्षुल्लक की दिसला असता तरी प्लॅस्टिकचा कचरा म्हणून मी फेकून दिला असता.

तोच जुना रबरबँड घेतला, चिप नव्या चावीच्या मानेला बांधली, आणि गाडीत बसून चावी फिरवली.

दोन सेकंद. तीन. पाच. तांबडं चित्र विझलं. गाडी चालू राहिली.

बायकांनी "चांगभलं" म्हटलं. येसूतात्या हात जोडून उभे राहिले. आई पुन्हा खिडकीशी आली, पण या वेळी हातभर लांब थांबली. तिने विचारलं, "काय झालं व्हतं रं?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. गावातला पहिला शिकलेला मी. गुरुजी.

"ओल होती," मी म्हणालो. "आता गेली."

आणि गिअर टाकला.

घाट कसा उतरलो ते आज सांगता येत नाही. एवढं आठवतं की उज्ज्वला मागे श्वास मोजत होती, मोठ्याने, आणि आकडा चुकला की पुन्हा एकपासून सुरू करत होती. मी आरशात बघत नव्हतो. बघायची हिंमत नव्हती. नजर चावीवर जात होती. रबरबँड जुना होता, उन्हाने कडक झालेला, आणि तो तुटला तर गाडी वळणात बंद पडेल असं मला वाटत होतं, म्हणून मी एका हाताने गाडी चालवली आणि दुसऱ्या हाताने चिप चावीला दाबून धरली. मधल्या वळणावर मोजणं थांबलं.

"उज्ज्वला?"

उत्तर नाही.

"उज्ज्वला!"

"घेतेय," ती म्हणाली. "घेतेय श्वास. तुम्ही चालवा."

पाटणच्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी नाडी पाहिली, स्टेथोस्कोपने छाती तपासली, गोळी दिली, सलाईन लावलं आणि मग मला बाहेर आणून म्हणाले, "रात्र काढू दे. पण वेळेत आणलंत. आणखी तासाभराने छातीत पाणी झालं असतं, मग माझ्या हातात फार राहिलं नसतं." मी भाजलेले हात पाठीमागे धरून ऐकत होतो. तासाभराने. बजाची जीप अजून तासाभराने पोचली असती.

रात्र निघाली. दुसऱ्या दिवशी चैत्रालीने भात मागितला. दुपारच्या एस.टी.ने आई आली. पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर बसली. चैत्राली म्हणाली, "आजी, इकडे ये ना, माझ्याजवळ." आई म्हणाली, "हितंच बरी हाय, बाळा." तिने हात पदराखाली घेतले होते.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मला ते कळत होतं. पण पोर नुकती उठलेली, उज्ज्वला शेजारी बसलेली. म्हटलं घरी गेल्यावर सांगू. घरी गावकरी भेटायला येत होते, आणि प्रत्येकजण आईला सांगत होता, "आक्का, परत चावी दुधात घालू नगासा." आई मान हलवत होती. म्हटलं माणसं गेली की सांगू. मग दिवाळी आली. मग शाळा. विंचवाचं भय चार दिवसांत गेलं, पण हे दुसरं भय घर करून बसलं. जेवढे दिवस जात होते तेवढं ते वाढत होतं, कारण आता चुकीबरोबर उशीरही सांगावा लागणार होता.

आई खंडेनवमी करत राहिली. कोयता, खुरपं, विळी. पण गाडीजवळ जायची नाही. लांबूनच फूल टाकायची. मी चावी कुठे टेबलावर ठेवली असली तर ती उज्ज्वलाला हाक मारायची, "ह्ये उचल गं." स्वतः उचलायची नाही. माझी लाल गाडी विकली, दुसरी आली, तरी नाही.

गेल्या वर्षी चैत्राली गाडी चालवायला शिकली. एकोणीस वर्षांची झाली आहे, साताऱ्याला नर्सिंग करते. यंदाच्या खंडेनवमीला घरी आली आणि अंगणात आजीसमोर पाटावर बसली. खिशातून गाडीची चावी काढली आणि ताम्हणाशी धरली.

"आजी, माझी पण पूज."

आईने दोन्ही हात मागे घेतले. "माजा हात नगो बाळा तिला. एकदा तुज्या जिवावर बेतलं व्हतं."

"काय गं आजी, अजून तेच..."

"नगो म्हनलं ना."

मी ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होतो. म्हणजे वाचल्यासारखं करत होतो. मी खाली उतरलो आणि आईच्या समोर, मातीतच बसलो.

"आई, ओल नव्हती."

तिला कळलं नाही.

"त्या दिवशी. चावीत ओल नव्हती. जुन्या कव्हरात एक चिप होती, ती मी काढायची विसरलो. कव्हर मी फेकलं. पंचामृताने गाडीला काहीच झालं नव्हतं. तू ते कव्हर उचलून ठेवलंस म्हणून ही पोर आज इथे बसली आहे."

उज्ज्वला दारात येऊन थांबली होती. चैत्राली माझ्याकडे पाहत होती, मग आजीकडे.

आईने ताम्हणाकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुला कवा कळलं ह्ये?"

"तेव्हाच. टाकीवर. दस्तगीरभाईंनी फोनवर सांगितलं."

"म्हंजी गाडी चालू व्हायच्या आदी."

"हो."

"आन् मी इचारलं तवा तुला ठावं व्हतं."

"हो, आई."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"बारा वर्सं, दिगू?"

एवढंच म्हणाली. मी मान खाली घातली.

मग चैत्रालीने चावी पुन्हा पुढे केली. "घे ना आजी."

आईने चावी घेतली. ताम्हणात बुडवली नाही. पंचामृताची वाटी तिने स्वतःच जरा लांब सरकवली. कुंकवाच्या करंड्यात बोट घालायच्या आधी ते बोट तिने पदराला पुसलं. उलटं करून बघितलं. परत पुसलं. मग कुंकू लावलं.